वाटेवरचे गाव

गावाची ओळख करून घेण्याची आपली रीत काहीशी चमत्कारिक आहे. माणसाची नवी ओळख झाली म्हणजे आपण त्याच्या घरादाराची चौकशी करितो, मुलेबाळे काय करितात ते विचारतो, परंतु गावाचे नाव निघाले की पहिला प्रश्न येतो तो, "तेथे पाहण्यासारखे काय आहे?" हा. माझे बालपण मराठवाड्यातील कळमनुरी या गावी गेले व पुढचे आयुष्य पुण्यात. त्यामुळे हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेन याची गणती नाही. प्रश्नोत्तरांचा क्रमही ठरलेला आहे. कळमनुरी कोठे आले असे विचारणारास मी हिंगोलीचे नाव सांगतो. तेवढ्याने भागले नाही तर नांदेडचे सांगतो; तेव्हा मात्र गुरुद्वाऱ्याच्या आठवणीने त्याचे समाधान होते. दुसऱ्या दोन गावांच्या खांद्यांवर हात ठेवल्यावाचून ज्यास उभे राहता येत नाही असे हे गाव, अशी त्याची समजूत होऊन बसते. जवळ डोंगर आहेत असे मी म्हटले की तो आशेने विचारतो, "मग हवा थंड असेल?" ती थंड नाही असे कळताच संभाषण तेथेच संपते.

या प्रश्नाचे उत्तर निदान एकदा सावकाशीने द्यावे असे पुष्कळ दिवस मनात होते. उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर असे देता येईल की, कळमनुरीस पाहावयाचा तो उतार. उतार ही काही प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत घालण्याजोगी वस्तू नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु या मुलखातील पाणी, रस्ते, पिके आणि माणसे ही सर्व त्याच्याच आज्ञेत वागतात, आणि तो एकदा नीट ध्यानात आला म्हणजे नकाशावरचा हा लहानसा ठिपका बोलू लागतो.

सह्याद्रीपासून निघालेली सातमाळा-अजिंठ्याची रांग पूर्वेकडे येता येता थकत जाते. वेरूळ-अजिंठ्याच्या बाजूस ज्या डोंगरांनी लेणी अंगावर वागविली, तेच पुढे जिंतूर, औंढा, हिंगोली या भागांत तुटक टेकड्या व लांबच लांब माळ होऊन राहतात, आणि तसेच निर्मळच्या डोंगरांकडे निघून जातात. कळमनुरी या थकलेल्या डोंगरांच्या सोबतीने, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांच्या आतबाहेर उंचीवर, हिंगोलीच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरांवर वसले आहे. त्याच्या उत्तरेकडून पैनगंगा जाते व दक्षिणेकडून कयाधू. पैनगंगा बुलढाण्याच्या बाजूने अजिंठ्याच्या डोंगरातून येते आणि येथे हिंगोली व यवतमाळ या दोन जिल्ह्यांची शीव होते. कयाधू तिच्या मानाने धाकटी. हिंगोलीवरून येऊन ती पुढे पैनगंगेसच मिळते. कीर्तनात कयाधू म्हणजे प्रल्हादाची आई. दैत्याच्या घरी राहून हरिनामाचा अंकुर पोटात वाढविणाऱ्या त्या बाईचे नाव आपल्या नदीस आहे, याचा आम्हा मुलांस मोठा अभिमान वाटे.

या नद्यांची एक गंमत मला शाळा सुटल्यावर पुष्कळ वर्षांनी, नकाशावर बोट फिरविताना उमगली. कळमनुरी आणि औंढा यांच्या दरम्यान जो डोंगराळ उंचवटा आहे, त्याच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस आसना-पूर्णांच्या खोऱ्यांतून थोडक्या वाटेने गोदावरीत जातो. उत्तर उतारावर पडलेला मात्र मोठ्या यात्रेस निघतो. तो कयाधूतून पैनगंगेत, पैनगंगेतून वर्धेत आणि वर्धा-वैनगंगेच्या संगमानंतर प्राणहितेत जातो, आणि शेकडो किलोमीटरांचा वळसा घेऊन सिरोंचाजवळ, काळेश्वराच्या पायाशी, गोदावरीस मिळतो. एकाच ढगातून, एकाच घटकेस, चार हातांच्या अंतरावर पडलेले दोन थेंब असे ताटातूट होऊन जातात व तेलंगणाच्या सीमेवर पुन्हा भेटतात. असल्या माथ्यावर उभे राहिले असता नुसते ओबडधोबड दगड व वाळलेले गवत दिसते. येथे कठडा नाही, दुर्बीण नाही, चणे-फुटाण्यांची गाडी नाही. आणि तरीही पाण्याच्या नशिबाचा निवाडा तेथेच होत असतो.

डोंगराचा दगड काळा, ज्वालामुखीच्या रसाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या त्या रसाचे थर एकावर एक बसून दख्खनचे हे पठार झाले. त्याची झीज होऊन जी माती झाली ती उतारावरून खाली गेली. म्हणून नदीकाठी काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन आणि वर माळावर मुरमाड बरड. खाली कापूस, सोयाबीन, तूर व हळद; वर मात्र पाऊस येईल तसे येणारे पीक, आणि त्याच्याही वर साग, तेंदू व पळस. हळदीने या जिल्ह्यास अलीकडे मोठा लौकिक मिळवून दिला आहे. वसमत आणि हिंगोली येथील बाजारांचा भाव दूरदूरचे व्यापारी विचारीत असतात. मोंढ्यात हळद आली म्हणजे माणसांच्या कपड्यांवर, बैलांच्या शिंगांवर व वहीच्या पानांवरही तिचा रंग चढतो.

डोंगर म्हातारे झाले असले तरी त्यांच्याखालची जमीन अगदी निजलेली आहे असे मात्र नाही. शेजारच्या वसमत तालुक्यातील पांग्रा शिंदे या गावी भूगर्भातून गूढ आवाज येतात, हे कित्येक वर्षे लोक सांगत आले आहेत. २०२४ साली २१ मार्चच्या सकाळी सहाच्या सुमारास आखाडा बाळापूरजवळच्या जांब येथे केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, व दहा-अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा. त्याच वर्षी १० जुलैस सकाळी सातनंतर पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का आला. त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा हे होते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली वा ऐकली, त्यांच्या छातीत असल्या धक्क्याने काय होते हे मराठवाड्याबाहेरच्या माणसास सांगून कळणार नाही. भांडी वाजली म्हणजे म्हातारी माणसे प्रथम पोरांस बाहेर काढतात आणि मग देवाचे नाव घेतात.

आता हवेविषयी. थंड हवेचे ठिकाण शोधणाऱ्याने वैशाखात इकडे येऊ नये. पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो, आणि उघड्या माळावर काळा दगड दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत ऊब टाकीत राहतो. रोहिणी नक्षत्रात शेतकरी नांगरट उरकून आभाळाकडे पाहू लागतो; मृगाने वेळेवर तोंड दाखविले तर वर्ष निभावले असे समजावे. वर्षाकाठी आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरी पाच हजारांच्या वर पडतो, त्याच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. पण बीड-धाराशिवकडच्या कोरड्या तालुक्यांशी तुलना केली तर येथील आभाळ खचित उदार आहे. मात्र हे दान चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या दिवसांत उरकले जाते. एका रात्रीत कयाधू दोन्ही थड्या भरून वाहते व आठवड्याने तिच्या पात्रात पोरे चेंडू खेळतात. माघ-फाल्गुनात गारपीट होऊन उभा हरभरा झोपतो, तेही नवे नाही. थंडीचे दोन महिने तेवढे खरे सुखाचे. शेकोटीभोवती बसून हुरडा खावा आणि जगात याहून बरे ठिकाण असेल काय, असे विचारावे, असे ते दिवस असतात.

रस्त्यांची कथाही उताराचीच आहे. निजामाच्या अमलात पूर्णेहून हिंगोलीस जी आगगाडी नेली, ती वसमत व बोल्ड्यावरून सोईची सपाटी धरून गेली. कळमनुरी तालुक्याच्या अंगास रूळ घासून गेले, पण गावात शिटी कधी ऐकू आली नाही. स्वातंत्र्यानंतर तोच मार्ग अकोल्यास व पुढे सातपुडा ओलांडून खांडव्यास जोडला गेला; हैदराबादेहून राजस्थानाकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी हिंगोलीवरून धडधडत जात असे. या शतकाच्या पहिल्या दशकात पूर्णा-अकोला मार्गाचे रूळ रुंद झाले. आमच्या वाट्यास आला तो डांबरी रस्ता व त्यावरची मोटार. निजाम सरकारने १९३२ साली रेल्वे खात्याच्या हाताखाली सरकारी मोटारगाड्या सुरू केल्या तेव्हा त्या अवघ्या २७ होत्या. आज एसटीच्या फलाटावर उभे राहिले की हिंगोली, नांदेड, पुसद अशा पाट्या एकामागून एक येतात, आणि कळमनुरी हे नाव बहुधा पाटीच्या मधल्या ओळीत असते. गाडी जेथून निघते व जेथे पोहोचते ती गावे निराळी.

अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर असा तेलंगणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ हा येथून जातो. पुढे आखाडा बाळापूर सोडले की वारंगा फाट्यावर त्याची तुळजापूर-नागपूर रस्त्याशी गाठ पडते. वारंग्याची खिचडी व भजी खाल्ल्याचे सांगणारे पुष्कळ प्रवासी मला पुण्यात भेटतात. आपण त्या वेळी कळमनुरी तालुक्यात जेवत होतो हे त्यांपैकी एकासही ठाऊक नसते. त्याच रस्त्यावर डोंगरकडा नावाचे गाव आहे. डोंगराची कड जेथे संपते व केळीचे मळे जेथे सुरू होतात, तेथे ज्या कोणी हे नाव ठेविले त्याने भूगोलाचा एक धडाच पाच अक्षरांत बसविला, असे मला वाटते.

हा रस्ता पूर्वी नुसता रस्ता नव्हता. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, तेव्हापासून पैनगंगेचा अलीकडचा काठ निजामाचा आणि पलीकडचा इंग्रजांचा झाला. हिंगोलीस हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. १९४७-४८ साली हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे दिवस आले, त्या वेळी पलीकडे वऱ्हाडात उमरखेडास लढ्याची छावणी पडली होती; या काठावर ज्याच्या मागे पोलीस लागत, त्यास नदी ओलांडली की दुसऱ्या राज्याची हवा मिळे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा निराळा झाला. अशा रीतीने, जागचे न हलता, या गावाने कागदावर इतके प्रवास केले.

आता पाहण्याजोगी म्हणून जी स्थळे सांगतात ती सांगणे प्राप्त आहे. गावात नूरीबाबांचा दर्गा आहे, आणि त्याच्या उरुसास हिंदू-मुसलमान दोघेही जातात. गावाच्या नावातला 'नुरी' आणि दर्ग्यातला 'नूर' यांची सोयरीक जोडून मोकळे होणारे लोक पुष्कळ आहेत. मला त्या व्युत्पत्तीपेक्षा तिच्यामागची माया अधिक मोलाची वाटते. पश्चिमेकडे औंढा नागनाथ; खालचा भाग यादवकालीन कोरीव दगडांचा व वरचा मागाहून बांधलेला, असे ते देऊळ बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाते. नामदेवांसाठी देऊळच फिरले ही कथा तेथली, आणि नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांचे नावही औंढ्याशीच बांधलेले. कयाधूच्या काठी, हिंगोलीच्या बाजूस नर्सी आहे. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने ते मानिले जाते. या नदीकाठचे नामदेव पंढरीस गेले व तेथून पंजाबात. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि ज्या घुमान गावी ते राहिले तेथे २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरले. नर्सीस पगडी घातलेले शीख यात्रेकरू दिसतात ते याच नात्याने. उत्तरेस पैनगंगेवर इसापूरचे धरण व त्याचा विस्तीर्ण जलाशय. हिवाळ्यात तेथे पाखरांची दाटी होते, आणि संध्याकाळी पाण्यापलीकडचे यवतमाळचे डोंगर निळे दिसू लागतात.

या यादीने प्रश्नकर्त्याचे समाधान होईल. माझे होत नाही. कारण त्या जलाशयाकडे पाहात असता मला नेहमी पाठीमागचा माळ आठवतो. इसापूरचे मातीचे धरण ५७ मीटर उंच व चार किलोमीटरांहून लांब आहे. १९८२ च्या सुमारास ते उभे राहिले, तेव्हा दोन्ही काठांवरची किती तरी काळी जमीन पाण्याखाली गेली. कालवे उताराने वाहतात. पाणी वर चढविण्याची विद्या त्यांस अवगत नसते. त्यामुळे नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरच्या केळीच्या बागा त्या पाण्याने हिरव्या झाल्या, हे चांगलेच झाले. तेथला शेतकरी आमचा शत्रू नव्हे. परंतु धरणाच्या उशाशी, उंचावर जे तांडे व आंधांच्या वाड्या आहेत, त्यांच्या विहिरी चैत्रातच तळ दाखवितात, आणि टँकर कधी येईल याची वाट पाहात घागरींची रांग लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इकडे कोणास समजावून द्यावी लागत नाही. एका तांड्यावर एक वृद्ध याडी (बंजारे लोक आईस याडी म्हणतात) मला खालचे चकाकणारे पाणी दाखवून म्हणाली, "ते पाणी नांदेडचं हाय, बाबा. आमचं आभाळात हाय." तिच्या स्वरात तक्रार नव्हती; मला तर तो नुसता भूगोलच वाटला. पुढे कयाधूवर सापळी येथे दुसरे धरण बांधण्याचा बेत निघाला तेव्हा येथल्या शेतकऱ्यांनी त्यास विरोध का केला, हे समजण्यास त्या म्हातारीचे एवढे वाक्य पुरे आहे.

पाणी जाते तशी माणसेही जातात. दिवाळी सरली म्हणजे तांड्यांवरून बिऱ्हाडे उसाच्या तोडीस निघतात. ट्रॅक्टरवर गाठोडी, भांडी, एखादी शेळी आणि मांडीवर पोर. घरी राहतात ती म्हातारी माणसे व शाळेत जाणारी मुले. जी मुले शिकतात ती पुण्यास, संभाजीनगरास वा हैदराबादेस जातात; मी त्यांपैकीच एक. गावे सोडून शहरांकडे जाणे हा आजच्या जगाचाच ओघ आहे, त्याबद्दल रडत बसण्यात हशील नाही. पण जाणाराने एवढे तरी ध्यानात ठेवावे की, माथ्यावर मुरले नाही ते पाणी आणि गावात रमले नाही ते माणूस, यांच्या जाण्याचे कारण बहुधा एकच असते. वाटेत त्यांस अडविणारे काही नव्हते.

आणि अडविणे अशक्य आहे असेही नाही. जालना जिल्ह्यात कडवंची म्हणून गाव आहे. तेथील पाऊस आमच्याहून कमी. तेथल्या लोकांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, बांध घातले, शेततळी केली, आणि बरड शिवारात द्राक्षांचे मळे उभे केले. कळमनुरीच्या डोंगरांस त्याहून निराळे असे काय हवे आहे? खालच्या धरणाकडे डोळे लावून बसण्यापेक्षा वरच्या थेंबास चार दिवस वस्तीस ठेवून घेण्याची ही युक्ती साधीच आहे. तिला लागतो तो पिढीभराचा धीर, आणि ती पिढी गावात असावी लागते. पिढी टिकावी तर पाणी हवे व पाणी टिकावे तर पिढी हवी, या पेचाची पहिली गाठ कोणी तरी सोडविली पाहिजे. सरकारी योजनेची पाटी लावून ती सुटत नाही, तशीच आमच्यासारख्यांच्या उसाशांनीही सुटत नाही. अलीकडे काही तरुण परत येऊन हळदीत व दुधात पडले आहेत, असे ऐकतो तेव्हा मला त्या गाठीचा एक पदर सैल झाल्यासारखा वाटतो.

तेव्हा वाचकांपैकी कोणी नांदेडहून अकोल्याकडे निघाले, तर वारंग्यास खिचडी अवश्य खावी. मात्र पुढे कळमनुरीजवळ घटकाभर मोटार थांबवून एखाद्या माळावर चढावे. श्रावण असेल तर उत्तम. पायाखालून एक ओघळ जात असेल. तो कोणत्या बाजूस वळतो ते पाहावे, आणि मग खाली कोणाचे शेत आहे व वर कोणाचे घर आहे तेही पाहावे. असे पाहणाऱ्यास त्या गावाची ओळख सांगताना हिंगोलीचे वा नांदेडचे नाव घ्यावे लागणार नाही.